खुनी कोण, ते दादांना कळता कामा नये

धाकट्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षी मीटरकाकांनी नाटक लिहिलं. दोन्ही बातम्या इमारतीत एकाच आठवड्यात पसरल्या. जुळ्याचं सगळ्यांनी कौतुक केलं. नाटकाबद्दल मात्र तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत एकच शब्द उमटला, "कशाला?"

काकांनी पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं मीटर वाचले होते. लोकांच्या जिन्याखाली, न्हाणीघरामागे, कुंड्यांच्या आड वाकून आकडे टिपायचे, हे काम. म्हणून ते सगळ्यांचे मीटरकाका. निवृत्त झाले तेव्हा खात्याच्या सात कोऱ्या वह्या कशा कोण जाणे, त्यांच्या घरीच राहिल्या. त्यांतल्या तीन नाटकात गेल्या. पानावर तीन उभे रकाने छापलेले होते: मागील नोंद, चालू नोंद आणि शेरा. काकांनी पहिल्यात पात्राचं नाव लिहिलं, दुसऱ्यात त्याचं बोलणं आणि शेऱ्यात 'घाबरून', 'दात ओठ खाऊन', 'खुर्ची मागे सारत' असं काय काय. नाटकाचं नाव होतं 'खून चहानंतर'. पंख्यांच्या कारखान्याचा मालक संध्याकाळचा चहा पितो, दिवे जातात, दिवे येतात, आणि मालक मेलेला असतो. मग इन्स्पेक्टर येतो आणि हसायला सुरुवात होते, अशी योजना होती.

"म्हणजे लोकांनी घाबरायचं की हसायचं?" दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी विचारलं.

"आधी घाबरायचं. मग आपण उगाच घाबरलो म्हणून हसायचं."

"आणि हसायला आलंच नाही तर?"

"तर घाबरूनच राहायचं," काका म्हणाले. पोस्टमास्तरांना हे पटलं आणि त्यांनी दिग्दर्शन करायचं कबूल केलं. त्यांनी आजवर काही दिग्दर्शित केलेलं नव्हतं, पण त्यांच्या हाताखाली अठरा पोस्टमन होते.

आता ह्या सगळ्याचं मूळ दुसरीकडेच होतं. मूळ होतं दादा. काकांचे थोरले भाऊ. राहायला समोरच्याच इमारतीत.

दादा रेल्वेत तिकीट तपासनीस होते. डब्यात पाऊल टाकलं की नव्वद माणसांतला बिनतिकिटाचा कोण, हे त्यांना तिकीट न मागता कळायचं. नोकरीत असेतो ह्या विद्येचा रेल्वेला फायदा झाला असेल. घरच्यांना तिचा त्रासच झाला. काकांचं लग्न झाल्यावर नवराबायको पहिल्यांदा नाटकाला गेले ते खुनाच्या नाटकाला. पडदा वर जाऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. खून अजून व्हायचा होता. एवढ्यात मागच्या रांगेतून दादा पुढे वाकले आणि म्हणाले, "धाकट्या, माळी."

माळ्याच्या हातात त्या वेळी फक्त झारी होती. दोन तासांनी माळीच निघाला. काकूंनी, म्हणजे त्या वेळच्या नव्या नवरीने, घरी जाताना विचारलं, "अहो, दादा नेहमी येणार का आपल्याबरोबर?"

नेहमी आले. पुढच्या चाळीस वर्षांत दादांनी धाकट्या भावाची एकोणीस नाटकं अशी सोलून त्याच्या हातात दिली. काका कधी चिडले, कधी रुसले, एकदा तर कानात कापूस घालून बसले. दादांनी मग बोटाने खुनी दाखवला.

"पण तुला कळतं कसं रे?" एकदा काकांनी हात टेकून विचारलं होतं.

"सोपं आहे. ज्याला खून करायचाय, त्याला माहीत असतं ना की आपल्याला करायचाय. माहीत असलं की तोंडावर येतं. बिनतिकीट माणूस खिडकीबाहेर जास्त बघतो, तसंच."

हे वाक्य काकांच्या पोटात कैक वर्षं पडून राहिलं आणि निवृत्तीनंतर त्याला एकदम कोंब फुटला. नटालाच माहीत नसलं तर? खुनी कोण हे खुन्यालाच ठाऊक नसेल, तर तोंडावर येणार काय, कपाळ?

दादांना त्या वर्षी ऐंशीवं लागलं होतं. छाती तपासणाऱ्या डॉक्टरांनी जिना बंद केला होता. काकांना नाटकाची एवढी घाई का, ह्याचं खरं कारण हे. पण ते तसं कुणाशी बोलले नाहीत. लोकांना सांगायचं कारण निराळं होतं, सांस्कृतिक वगैरे.

योजना अशी ठरली. वहीचं शेवटचं पान फाडून बंद पाकिटात घालायचं. पोस्टमास्तर त्यावर लाखेचं सील मारतील, पण आत काय आहे ते वाचणार नाहीत. प्रयोगात अगदी शेवटी इन्स्पेक्टर ते पाकीट मयताच्या कपाटातून काढेल, फोडेल आणि खुन्याचं नाव वाचेल. ज्याचं नाव येईल त्याने एक पाऊल पुढे येऊन म्हणायचं, "हो, मीच! आणि मला त्याचा जराही पश्चात्ताप नाही." हे एक वाक्य सगळ्यांनीच पाठ करून ठेवायचं. बाकी काही माहीत असायची गरज नाही.

भूमिका वाटल्या गेल्या. दाताचे डॉक्टर इन्स्पेक्टर झाले, कारण आवाज मोठा. तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या टेलरबाई मयताची बायको झाल्या, कारण कपडे आणि पडदा त्याच शिवणार होत्या. सोसायटीचे चेअरमन मयताचे भागीदार झाले, कारण हॉलची किल्ली त्यांच्याकडे होती. पोस्टमास्तर झाले जुने मॅनेजर. राहिला मुडदा.

मुडदा व्हायला कुणी तयार होईना. पहिल्या अंकात चौदाव्या मिनिटाला मरायचं आणि मग शेवटपर्यंत रंगमंचावर पडून राहायचं, कारण इन्स्पेक्टरचा हुकूम असतो की प्रेत हलवायचं नाही. चेअरमन म्हणाले, माझ्या कमरेचं बघा. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, ह्या वयात सराव कशाला, वेळ आली की जमेलच. शेवटी लेखकालाच मरावं लागलं.

मग सल्ले सुरू झाले. मरावं कसं ह्यावर इमारतीतल्या प्रत्येक जिवंत माणसाचं काही ना काही मत होतं. एक म्हणाला श्वास पोटातून घ्या, दुसरा म्हणाला घेऊच नका. कुणी म्हणालं डोळे उघडे ठेवा, जास्त भयानक दिसतं. कुणी म्हणालं तोंड उघडं ठेवा. ह्यावर दाताचे डॉक्टर तडक वर आले.

"काका, तोंड मिटलेलं पाहिजे. पहिल्या रांगेतून तुमच्या खालच्या दाढा दिसतात."

"दिसू देत की. मेलेल्या माणसाला काय लाज?"

"तुम्हाला नसेल. त्या दाढा मी भरल्यात."

काकू आडोशाला उभं राहून वही वाचणार होत्या, कुणी अडलं तर पुढचं वाक्य सांगायला. काकू लिहा-वाचायला शिकल्या त्या चाळिशीनंतर, मुलींच्या पुस्तकांतून, बोट ठेवून. ज्याला अक्षर उशिरा मिळतं, त्याला ते वाया घालवता येत नाही. त्यामुळे त्या पानावरचं सगळं वाचत. चेअरमन अडले की आडोशातून शांत, स्पष्ट आवाज येई, "मी त्या वेळी बागेत होतो, शेरा, घाबरून, रुमालाने मान पुसत." आणि चेअरमन गडबडीत तेवढं सगळं म्हणून टाकत.

"अगं, शेरा वाचायचा नसतो," काका म्हणाले.

"मग लिहिलात कशाला?" काकू म्हणाल्या.

शेरा राहिला.

सगळं असं रांगेत चाललं असताना कुणीतरी म्हणालं, परवाना काढलात ना? आणि घोडं अडलं.

कार्यक्रम परवाना कक्ष सरकारी कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर होता आणि त्याला एकच खिडकी होती. खिडकीमागे दोरीला चष्मा अडकवलेले एक कारकून बसत. त्यांनी नाटकाच्या तीन प्रती मागितल्या. काकांनी तीन रात्री बसून हाताने उतरवून काढल्या. कारकुनांनी पहिलं पान उघडलं.

"पिस्तूल आहे?"

"खोटं आहे."

"खोटं आहे हे लिहून देणारं पोलिसांचं पत्र लागेल."

काकांनी घरी येऊन पिस्तुलाचा सुरा केला. सुऱ्याला लांबीचा दाखला लागत होता. सुऱ्याचं विष केलं. विषासाठी आरोग्य खात्याकडे जा म्हणाले. चार हेलपाटे झाल्यावर काकांनी काकुळतीला येऊन विचारलं, "साहेब, तुमच्या नियमात माणसाला मारायचं तरी कशाने?"

कारकुनांनी पुस्तक बराच वेळ चाळलं. "फुलदाणी कुठल्याच खात्यात बसत नाही," ते म्हणाले.

मालक फुलदाणीने मेला. पण एवढ्याने सुटका नव्हती.

"शेवटचं पान कुठंय?"

"ते गुप्त आहे. पाकिटात आहे."

"खुनी कळल्याशिवाय मी सही कशी करू? उद्या एखादा शासकीय कर्मचारी खुनी निघाला म्हणजे?"

काका आपलं सीलबंद पाकीट घेऊन गेले. कारकुनांनी ते फोडलं, चष्मा चढवला, वाचलं. भुवया वर गेल्या. "अरे वा!" ते म्हणाले आणि पान सहीसाठी ठेवून घेतलं. जगात आता दोनच माणसांना खुनी ठाऊक होता.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी त्यांनी काकांच्या हातात एक खाकी पाकीट ठेवलं. त्यावर सरकारी लाखेची पाच सीलं होती. "घ्या. सगळं आत आहे."

काका खूश झाले. पोस्टमास्तरांचं सील एक आणि तेही वाकडं होतं, इथं पाच होती. फोडून बघावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. सरकारी सील तोडायचं नसतं, हे चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. त्यांनी पाकीट तसंच काकूंकडे दिलं आणि काकूंनी ते मयताच्या कपाटात ठेवून दिलं.

इकडे तालमींत निराळाच घोळ झाला होता. पहिले पंधरा दिवस काय मजेत गेले! दादा रोज लिफ्टने गच्चीवर यायचे, दाराशी खुर्ची टाकून बसायचे, एकेकाचं तोंड न्याहाळायचे आणि चिडून परत जायचे.

"कुणाच्याच तोंडावर काही नाही. असलं कसलं नाटक रे?"

"तू पाहा ना, दादा. नीट पाहा," काका पडल्या पडल्या म्हणायचे. मेलेल्या माणसाला एवढा आनंद झालेला कुणी पाहिला नसेल.

मग एका संध्याकाळी टेलरबाई काकांच्या दारात उभ्या राहिल्या. हातात कात्री होती. ती नेहमीच असायची, पण त्या दिवशी ती जास्त दिसली.

"काका, मी दोन अंक रडायचं आणि शेवटी निर्दोष निघायचं? मग मेहनत कशाला करू? पडदा अर्धा शिवून झालाय. पुढचा अर्धा शिवू का नको, ते तुमच्यावर आहे."

काकांना तोंडावर 'नाही' म्हणता येत नसे. ते आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, तुम्हीच समजा. पण कुणाला बोलू नका."

दुसऱ्या दिवशी चेअरमन आले. हॉलची किल्ली बोटावर फिरवत म्हणाले की भागीदार निर्दोष असतो हे कुणालाच खरं वाटत नाही, आणि खोटी नाटकं आपल्या हॉलमध्ये नकोत. काका म्हणाले, तुम्हीच समजा. तिसऱ्या दिवशी पोस्टमास्तर. "दिग्दर्शकालाच खुनी माहीत नाही, हे शोभतं का? आणि माहीत असायचाच, तर मीच का नसावा?" त्यांनाही काका तेच म्हणाले. दाताच्या डॉक्टरांनी तर काकांना खुर्चीत झोपवलं, तोंडात आरसा घातला आणि मग विचारलं.

"इन्स्पेक्टरच खुनी! काय कल्पना आहे, काका! दवाखान्यात लोक मला तसेही घाबरतात. निदान कारण तरी मिळेल. काय म्हणता?"

तोंडात आरसा असताना माणूस 'आँ' एवढंच म्हणू शकतो. डॉक्टरांनी तो होकार धरला.

काकांनी मनाशी म्हटलं, बिघडलं कुठं? पाकिटात जे आहे तेच खरं. एकाला खरंच मिळेल, तिघं चार दिवस रुसतील. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं. तालमीत एकेकाची नजर चळायला लागली. टेलरबाई रडता रडता मध्येच गालात हसत. चेअरमन फुलदाणीकडे प्रेमाने बघत.

"शिंपीणबाई," दादांनी दाराशी बसून जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "चुकलो. चेअरमन." तिसऱ्या दिवशी त्यांनी खिशातून टाचणवही काढली. चौथ्या दिवशी वही मिटली आणि म्हणाले, "धाकट्या, ह्यांच्यातला एकही माणूस धड नाही."

शनिवारी संध्याकाळी सहाला प्रयोग होता. हॉल भरला. दादा पहिल्या रांगेत, मधोमध. काका पडद्याच्या फटीतून बघत होते. दादांच्या शेजारच्या खुर्चीत कारकून येऊन बसले होते, दोरीच्या चष्म्यासकट. प्रयोगाची तपासणी करायला. जगात खुनी माहीत असलेला दुसरा माणूस, आणि त्याला बसायला जागा मिळाली ती नेमकी दादांच्या कोपराला कोपर लावून!

आता थांबवणं शक्य नव्हतं. पडदा उघडला, मालकाने चहा घेतला, दिवे गेले. फुलदाणी टेलरबाईंनी कापडाची करून आत कापूस भरला होता. ती काकांच्या डोक्यावर पडली तेव्हा 'फस्' एवढाच आवाज झाला. फुटल्याच्या आवाजासाठी काकूंनी ताट आपटायचं होतं, पण त्या आधी शेरा वाचत बसल्या. दिवे आले, काका मरून पडले, सगळे किंचाळले, आणि मग सावकाश, आरामात, ताट पडलं. लोक हसले. काका पडल्या पडल्या हबकले. अजून हसायचं नव्हतं. हे घाबरायचं पान होतं.

पुढचं सगळं काकांनी पापण्यांच्या फटीतून पाहिलं. चेअरमन त्यांच्या करंगळीवर उभे राहून एक लांबलचक भाषण बोलले. डॉक्टरांनी नाडी बघायचं सोडून, सवयीने, हनुवटी धरून तोंडच उघडलं. नाकावर एक माशी बसली, उठली, पुन्हा बसली. मेलेल्याच्या नाकपुड्या फुगताना पाहून बाल्कनीतून कुणीतरी ओरडलं, "जिवंत आहे, डॉक्टरला बोलवा!" खाली दुसरा म्हणाला, "डॉक्टर तिथंच आहे!" एक तरी माणूस घाबरला असेल ह्या आशेवर काका निपचित पडून राहिले.

मध्यंतर झालं आणि पडदा मिटेना. टेलरबाईंनी उरलेला अर्धा पडदा खुनी झाल्याच्या आनंदात शिवला होता, तो हातभर आखूड निघाला आणि मधेच अडकला. बाकीची मंडळी आत निघून गेली. काका नेमके उघड्या भागात. उठावं तर नाटक संपलं. अख्खं मध्यंतर ते तिथंच, लोकांसमोर मरून राहिले. लोक बिस्किटं खात त्यांच्यावर चर्चा करत होते.

तेवढ्यात काठी टेकत दादा रंगमंचाच्या कडेशी आले आणि काकांच्या कानाशी वाकले. काकांनी श्वास धरला. चाळीस वर्षं ह्याच अंतरावरून नावं आली होती.

"धाकट्या," दादा म्हणाले, "सगळ्यांच्याच तोंडावर आहे रे."

दादांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"चौघांच्याही. त्या इन्स्पेक्टरच्यासुद्धा. असं कधी झालं नव्हतं. नोकरीतसुद्धा नाही." मग म्हणाले, "शेजारी तो चष्मेवाला बसलाय, त्याला माहीत आहे. त्याच्याही तोंडावर आहे. विचारलं, तर म्हणतो गोपनीय. अरे, बोल ना काहीतरी! मरून काय पडलायस?"

मुडद्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. हसू दाबल्याचं होतं, असं काका पुढे सांगत.

दुसरा अंक धावत शेवटाला आला. इन्स्पेक्टरने सगळ्यांना रांगेत उभं केलं, कपाट उघडलं, पाकीट काढलं. हॉलमध्ये खरोखर शांतता पसरली. पाच सीलं एकेक करून तुटली. दादा खुर्चीच्या कडेवर आले. काकांनी पाहिलं, दादांचं तोंड उघडं राहिलं होतं, पहिल्यांदा गाडी बघणाऱ्या पोरासारखं.

डॉक्टरांनी कागद उलगडला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "विषय: कार्यक्रमास परवानगी देण्याबाबत."

त्यांना थांबता आलं नाही. भूमिकेत होते. "उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अट क्रमांक एक: रंगमंचावर कोणतीही जीवितहानी झाल्यास अर्जदार स्वतः जबाबदार राहील. अट क्रमांक दोन: अर्जदाराने कार्यक्रमाच्या वेळी जातीने हजर राहावे."

सगळ्यांच्या नजरा जातीने हजर असलेल्या अर्जदाराकडे वळल्या. अर्जदार उताणा पडून होता. हॉल फुटला. लोक खुर्च्यांचे हात बडवत होते. शेवटचं पान कारकुनांच्या कपाटात, नस्तीला टाचणी लावून, सुखरूप होतं. काकांना ते त्या क्षणी कळलं. पहिल्या रांगेत कारकून मान डोलवत होते. अटी त्यांनीच लिहिल्या होत्या.

डॉक्टरांनी कागद उलटा केला, पाठीमागे पाहिलं आणि घाम पुसला. मग त्यांना सुचलं. "तर... खुनी आपणहून पुढे येईल का?"

टेलरबाईंनी एक पाऊल पुढे टाकलं. चेअरमननी टाकलं. पोस्टमास्तरांनी टाकलं. आणि प्रश्न विचारणाऱ्या इन्स्पेक्टरनेही टाकलं. चौघं एका सुरात म्हणाले, "हो, मीच! आणि मला त्याचा जराही पश्चात्ताप नाही."

मग चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तुम्ही कसे? मी!" टेलरबाई म्हणाल्या.

"मला काकांनी सांगितलंय!"

"मलाही! वर म्हणाले, कुणाला बोलू नका!"

"मी दिग्दर्शक आहे!" पोस्टमास्तर ओरडले. आडोशातून काकूंचा शांत आवाज आला, "शेरा: सर्व जण स्तब्ध." कुणी स्तब्ध झालं नाही. फुलदाणीची ओढाताण सुरू झाली, कापूस उडाला, आणि चेअरमननी हात जमिनीकडे करून म्हटलं, "भांडता कशाला? मेला तो इथंच आहे. त्यालाच विचारा!"

आता काय करायचं? काका उठून बसले. पहिल्यांदाच त्या संध्याकाळी एक बाई खरोखर घाबरून किंचाळली. काकांच्या केसांत कापूस, करंगळी सुजलेली. समोर चौघं दम धरून उभे होते. खाली दादा. काठीवर दोन्ही हात, हातांवर हनुवटी, डोळे लख्ख. त्यांना कळत नव्हतं. काका एवढंच बघत राहिले. चौघांपैकी एक नाव घेतलं असतं तर नाटक नीट संपलं असतं, एक जण खूश झाला असता, लेखकाची अब्रू थोडीफार वाचली असती.

"दिवे गेले होते हो," मयत म्हणाले. "मला तरी कुठं दिसलं?"

आणि परत मरून पडले.

टाळ्या बराच वेळ चालल्या. काकांची अब्रू त्यात वाचली की गेली, हे त्यांना कधीच नीट ठरवता आलं नाही. चौघं कलाकार महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत आणि आपापल्या ओळखीच्यांत मात्र सांगत राहिले, की खरा खुनी मीच.

दादांनी मात्र पिच्छा पुरवला. रोज सकाळी दहाला लिफ्टने यायचे.

"धाकट्या, शिंपीण ना?"

"चहा घेतोस?"

"मॅनेजर. मॅनेजरच. चहाचा कप त्याने डाव्या हाताने धरला होता."

"बिस्किट देऊ?"

मग त्यांनी परवाना कक्षात रीतसर अर्ज केला, शेवटच्या पानाची नक्कल मिळावी म्हणून. सात आठवड्यांनी उत्तर आलं, की सदर पान नस्तीत आढळून येत नाही. कारकून तोवर बदलून गेले होते. म्हणजे उरले फक्त काका. काकूंनाही त्यांनी सांगितलं नाही. काकू म्हणाल्या, "एवढं काय ते! म्हाताऱ्या माणसाचा जीव टांगणीला लावलाय." काका म्हणाले, "अगं, तो टांगलेला आहे म्हणूनच रोज येतो." आणि खरंच, त्या वर्षी दादा एकाही दिवशी चुकले नाहीत.

पुढच्या थंडीत त्यांना दवाखान्यात हलवलं. काका रोज जाऊन बसायचे. दादांचा आवाज बसला होता, नाकात नळी होती. पाचव्या दिवशी काकांना राहवलं नाही. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, खुर्ची पुढे ओढली, दादांच्या कानाशी वाकले.

"दादा, सांगू का? कोण ते?"

दादांनी डोळे उघडले. सलाइन लावलेला हात उचलून त्यांनी भावाच्या तोंडावरच ठेवला.

"खबरदार," ते म्हणाले. "दोघं उरलेत. मी शोधून काढतो."

मग बराच वेळ काकांच्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिले. काका खिडकीबाहेर बघायला लागले.

दादा सात फेब्रुवारीला, मंगळवारी, सकाळी साडेनऊ वाजता गेले. त्यांना ऐंशी पूर्ण होऊन एकोणीस दिवस झाले होते.